पहिली गोळी कोणाची?

बुऱ्हाणपुरात एखादी गोष्ट एकाच आवृत्तीत ऐकायला मिळाली, तर समजावं की आपण नीट चौकशी केलेली नाही. ताजमहालाचंच घ्या. मुमताजमहल 17 जून 1631 रोजी इथे गेली, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादला, आहुखान्याच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचं शव आग्र्याकडे निघालं. एवढं इतिहासाच्या पुस्तकात आहे. पुढचं सगळं आमच्या गावाच्या तोंडी आहे. ताजमहाल मुळात इथेच, तापीच्या काठावर व्हायचा होता, याबद्दल गावात दुमत नाही. दुमत आहे ते बेत का फिरला यावर. शाही किल्ल्यातला एक गाईड सांगतो, मातीला वाळवी होती. दुसरा सांगतो, तापीचं पात्र असं की घुमटाचं प्रतिबिंब मनासारखं पडेना. तिसरा हिशेबी आहे. तो मकराण्याहून संगमरवर आणण्याचा वाहतूक खर्च काढतो. रिक्षावाला तिघांनाही मोडीत काढतो. ‘सब आगरेवालों की सेटिंग थी, साब.’

तेव्हा निर्मात्याने ऐन वेळी बेत बदलला, जागा बदलली आणि मूळ कल्पना जगाला बघायलाच मिळाली नाही, ही तक्रार आमच्याकडे शहाजहानापासून चालत आलेली आहे. म्हणूनच जॉर्ज लुकास नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने आपला ‘स्टार वॉर्स’ वारंवार बदलला आणि त्यावरून जगभरचे चाहते त्याच्याशी व एकमेकांशी भांडतात, हा विषय आमच्या ओसरीवर आला, तेव्हा तिथे तयारीची माणसं बसली होती.

विषय आणला भाच्याने. तो पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो आणि सुट्टीत आजोळी आला की दोन गोष्टी करतो : मावा जिलबी खातो आणि कोणत्या तरी प्रश्नावर घरात फूट पाडतो. मागच्या खेपेला प्रश्न क्रिकेटचा होता, यंदा अंतराळाचा. श्रोत्यांत माझी ऐंशी पार केलेली आत्या होती, कॉलेजात जाणारी पुतणी होती आणि शेजारचे काका होते. काकांची केळीची बाग आहे, पण आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी बागेपेक्षा कोर्टात काढली. बांधाचा दावा होता. दावा निकाली निघाला, सवय राहिली.

ज्यांना हे ‘स्टार वॉर्स’ प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. 1977 साली पहिला सिनेमा आला. शेतावर राहणारा एक पोरका मुलगा, त्याचं नाव ल्यूक. काळ्या मुखवट्यातला एक खलपुरुष, त्याचं नाव डार्थ व्हेडर. एक राजकन्या, लेया. आणि हान सोलो नावाचा चोरटा माल वाहणारा विमानवाला, ज्याच्यावर प्रेक्षक सर्वांत जास्त फिदा झाले. 1980 आणि 1983 साली पुढचे दोन भाग आले. आमच्या पिढीला अंतराळ भेटलं ते दूरदर्शनवर. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचा, 1998 साली मिलिंद सोमण ‘कॅप्टन व्योम’ झाला. ‘स्टार वॉर्स’ मात्र व्हिडिओ कॅसेटवाल्याच्या कृपेने यायचा. चित्राला पावसासारख्या रेघा असायच्या आणि बाहेर पॉवरलूमची खटखट. त्यामुळे अवकाशयानाचा आवाज मला आजही मागासारखाच वाटतो.

आता भाच्याने मांडलेला मूळ गुन्हा. पहिल्या सिनेमात एक गुत्ता आहे. हान तिथे टेबलाशी बसलाय. समोर ग्रीडो नावाचा हिरव्या कातडीचा भाडोत्री मारेकरी, हातात पिस्तूल, नळी हानच्या छातीवर. बोलणं चाललंय. हान बोलता बोलता टेबलाखाली हात नेऊन आपलं पिस्तूल काढतो आणि ग्रीडोला तिथल्या तिथे आडवा करतो. उठताना गुत्तेवाल्याकडे एक नाणं फेकतो, झालेल्या घाणीबद्दल. एवढाच प्रसंग. 1977 साली जगाने हा पाहिला आणि हानला डोक्यावर घेतलं.

1997 साली वीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने लुकासने हे सिनेमे नव्याने सजवून पुन्हा थिएटरांत आणले. त्यात ग्रीडो आधी गोळी झाडतो, त्याचा नेम चुकतो आणि मग हान त्याला मारतो. चाहते खवळले. 2004 च्या डीव्हीडीत दोघं जवळजवळ एकदमच झाडतात. 2011 मध्ये आणखी किंचित कापाकापी झाली. 2019 मध्ये सिनेमा डिस्नेच्या वाहिनीवर आला, तेव्हा मरण्याआधी ग्रीडो ‘मॅक्लंकी’ असं काहीतरी म्हणू लागला. भाच्याने मोबाइल टीव्हीला जोडून हे सगळं ओळीने दाखवलं.

काका खुर्चीत पुढे सरकले. ‘थांब. पहिलं परत लाव. पिस्तूल आधी रोखलं कोणी?’

‘ग्रीडोने.’

‘मग वाद कसला? जिवाला धोका समोर दिसत होता. स्वसंरक्षण. कलम शंभर.’ मग स्वतःच दुरुस्ती केली. ‘म्हणजे जुन्या दंडविधानात शंभर. 1 जुलै 2024 पासून नवीन संहिता आली, नंबर बदलले. तिकडेही स्पेशल एडिशनच काढली की.’

भाचा म्हणाला, ‘पण काका, चाहत्यांना हाननेच आधी मारलेला हवाय. तो त्या वेळी चांगला माणूस नसतो. स्वार्थी असतो. पुढे सुधारतो. आधीच सज्जन दाखवला तर सुधारणार काय?’

‘ते तुझं साहित्य झालं. मी पुरावा बघतोय. दुसरं लाव.’

1997 चा जबाब लागला. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ‘एका टेबलाच्या अंतरावरून चुकला?’

‘हो.’

‘धंद्याने मारेकरी आहे ना? याला सुपारी कोणी दिली होती?’

‘जब्बा नावाचा एक डॉन आहे.’

‘जब्बाची फसवणूक झाली. त्याने ग्राहक मंचात जावं.’

2004 ला काका काही बोलले नाहीत, नुसते हसले. त्यांच्या दाव्यातही एका साक्षीदाराने शेवटी ‘दोघांनी एकदमच काठी उचलली’ असं सांगितलं होतं म्हणे. 2019 लागलं आणि हिरवा माणूस ‘मॅक्लंकी’ म्हणून कोसळला, तेव्हा मात्र काका उभेच राहिले.

‘हा मृत्युपूर्व जबाब! 1977 साली मेलेल्या माणसाचा मृत्युपूर्व जबाब 2019 साली नोंदवला? बेचाळीस वर्षांनी? कोणता तपास अधिकारी आहे हा?’

तपास अधिकाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. लुकासने 2015 साली एका मुलाखतीत कारण सांगितलं होतं. हान पुढे लेयाशी लग्न करणार, तो कथेचा एक नायक; असा माणूस थंड डोक्याने खून करणारा कसा दाखवायचा? हे ऐकून आत्या प्रथमच संभाषणात उतरली. तिला लुकासचं पटलं. लग्न ठरायच्या आधीची प्रकरणं नंतर झाकावीच लागतात, असं तिचं मत पडलं. स्थळं बघणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राचं आणि पाऊण निमाडचं हेच मत असावं.

आत्या या वादात पडली आणि वादाची पातळी उंचावली. तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी डार्थ व्हेडर, जो ल्यूकचाच बाप निघालेला असतो, मरतो. त्याआधी त्याला पश्चात्ताप होतो, मुखवटा निघतो, आत एक जखमी म्हातारा दिसतो. मग मुलगा ल्यूक त्याला अग्नी देतो आणि गर्दीच्या कडेला तिघांचे आत्मे प्रकट होतात, त्यात बाप. 1983 साली हा आत्मा म्हाताऱ्याचाच होता, सेबॅस्टियन शॉ या नटाचा. 2004 साली लुकासने त्याला काढलं आणि तिथे हेडन क्रिस्टेन्सन या तरुण नटाला उभं केलं, कारण मधल्या काळात आलेल्या नव्या सिनेमांत व्हेडरच्या तारुण्याचं काम त्याने केलं होतं. भाचा तळमळून सांगत होता की हा त्या वृद्ध नटाचा अपमान आहे आणि शिवाय पोराने बापाला ओळखलं तरी कसं, त्याने तर म्हातारा चेहराच पाहिला होता.

आत्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. आजोबा पंच्याऐंशीव्या वर्षी गेले. फोटोत ते बत्तीस वर्षांचे आहेत, केस काळेभोर, कोटाचं वरचं बटण लावलेलं.

‘श्राद्धाला फोटो तरणाच लावतात रे. आणि आम्ही ओळखतो की.’

भाच्याकडे उत्तर नव्हतं. जगातल्या इतक्या चाहत्यांनी वीस वर्षं या एका बदलावर डोकं फोडून घेतलं आणि कोणाच्याही घरी आत्या नव्हती, याचं मला वाईट वाटलं.

नंतर पुतणीने मुद्दाम काडी टाकली. दुसऱ्या सिनेमात लेया ल्यूकचं चुंबन घेते आणि तिसऱ्या सिनेमात ते दोघं जुळी भावंडं निघतात, हे तिने आजीला सांगून टाकलं. आत्या बराच वेळ गप्प राहिली. ‘गोत्र विचारायचं होतं,’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. परत आली ती दराब्याची वाटी घेऊन. दराबा म्हणजे रवा-साखर-तुपाचा आमचा बुऱ्हाणपुरी गोड प्रकार. कठीण बातमी पचवायला बरा पडतो.

आधी काय ठरलं होतं आणि नंतर काय सुचलं, इथेच या वादाचं खरं मूळ आहे. लुकासचं म्हणणं असं पडत आलं की कथा त्याच्या डोक्यात मुळापासून तयार होती, त्या काळचं तंत्र आणि पैसा अपुरा पडला, म्हणून आता तो ती पुरी करतो आहे. कागदपत्रं वेगळं बोलतात. 1977 साली पहिला सिनेमा लागला तेव्हा तो नुसता ‘स्टार वॉर्स’ होता. ‘भाग चौथा’ हा मथळा त्यावर 1981 साली चढवला. दुसऱ्या सिनेमाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने 1978 साली लिहिला. त्यात ल्यूकचा बाप वेगळा आहे, आत्म्याच्या रूपाने येऊन भेटतो आणि व्हेडर व्हेडरच आहे. म्हणजे जगातला सर्वांत गाजलेला बाप-लेकाचा उलगडा मुळात ठरलेला नव्हता. एकूण भाग किती, यावरही कधी नऊ, कधी बारा, कधी सहाच असं ऐकू येत गेलं. काका म्हणाले, ‘आमच्याकडे सरकारी पुलाचं असंच असतं. मूळ नकाशात किती खांब होते ते पूल झाल्यावर ठरवतात.’

यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. लिहिणाऱ्या कोणालाही विचारा : शेवट सुचला की सुरुवातही तशीच ठरली होती असं मनापासून वाटू लागतं. इथवर मी लुकासच्या बाजूचा आहे. त्याच्या काही दुरुस्त्या तर मला आवडतात, विशेषतः फसलेल्या. एक उदाहरण सांगतो. पहिल्या सिनेमासाठी हान आणि जब्बा यांच्या भेटीचा प्रसंग चित्रित झाला होता. जब्बाच्या जागी एक जाडजूड नट उभा होता. प्रसंग वापरला नाही. 1983 पर्यंत जब्बा हा शेपटीवाला प्रचंड गोगलगाईसारखा प्राणी ठरला. 1997 साली लुकासने तो जुना तुकडा काढून नटाच्या जागी संगणकावरचा जब्बा चिकटवला. पंचाईत अशी की चित्रीकरणात हान बोलता बोलता त्या नटाच्या पाठीमागून चालत गेला होता आणि आता तिथे शेपूट होतं. मग काय केलं? हानला संगणकानेच जरा उचलला आणि शेपटीवर पाय देऊन पलीकडे उतरवला. जब्बा कळवळतो. ज्या डॉनला सारी आकाशगंगा घाबरते, त्याच्या शेपटीवर पाय देऊन एक कर्जदार निघून जातो आणि जब्बा सोडून देतो! कलेच्या इतिहासात इतक्या प्रामाणिकपणे चिकटवलेलं ठिगळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुतणी या सगळ्यात हसत बसली होती. ती लुकासने 1999 पासून काढलेल्या दुसऱ्या तिकडीची भक्त, जी पाहून जुने चाहते रडले होते. त्या सिनेमांत दैवी ‘शक्ती’ रक्तातल्या सूक्ष्म जीवांच्या संख्येवरून मोजतात. पूर्वी जी साधनेने मिळायची ती आता रक्त तपासून कळू लागली. काकांना यात लॅबवाल्यांचं कमिशन दिसलं. पण पुतणी म्हणते, मी लहानपणी हेच आधी पाहिले, माझ्यासाठी हेच मूळ. तिचं चुकत नाही. ज्याच्या लहानपणी जी प्रत हाती आली, ती त्याची खरी.

आणि गंमत बघा. लुकासने 2012 साली आपली कंपनी डिस्नेला चार अब्ज डॉलरहून थोड्या अधिक किमतीला विकली. पुढच्या तीन सिनेमांची आखणीही त्याने सोबत दिली होती. ती बाजूला ठेवून डिस्नेने 2015, 2017 आणि 2019 मध्ये आपली तिकडी काढली. ती बघून ज्यांनी लुकासला वीस वर्षं शिव्या घातल्या तेच म्हणू लागले, लुकास असता तर असं झालं नसतं. नवा तलाठी आला की जुन्याचा स्वभाव किती चांगला होता हे गावाला आठवतं, तसंच.

आपल्याकडे हा व्यवहार जरा उलटा चालतो. तिकडे दिग्दर्शक सिनेमा बदलतो आणि लोक आंदोलन करतात. इकडे लोक आंदोलन करतात आणि दिग्दर्शक सिनेमा बदलतो. जानेवारी 2025 मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज लेझीम नाचताना दिसले, आक्षेप उठला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो भाग काढला. प्रेक्षकांना पहिल्या दिवशीच दुसरी आवृत्ती मिळाली. ‘शोले’चं प्रकरण सरकारी. 1975 साली आणीबाणीत सेन्सॉरच्या आग्रहाने शेवट बदलला, ठाकूरच्या पायाखाली मरायचा गब्बर पोलिसांच्या स्वाधीन झाला. आपण पन्नास वर्षं तो शेवट पाहिला, त्यावरचे संवाद पाठ केले आणि 2025 साली मूळ शेवटाची प्रत थिएटरात आली. मूळ मिळालं म्हणून किती आनंद व्हायला हवा! पण आमच्या काकांनी बघून आल्यावर तोंड वाकडं केलं. ‘पोलीस यायला पाहिजे होते. नाहीतर ठाकूरवर केस होते.’

‘छावा’चा आमच्याशी आणखी एक संबंध आहे. सिनेमा बुऱ्हाणपूरच्या 1681 च्या लुटीपासून सुरू होतो. मराठ्यांनी बहादूरपुरा धुऊन नेला ती लूट. म्हणजे पडद्यावर नायक जिंकतो तेव्हा लुटलं जातं ते आमचं गाव. आम्ही मराठी बोलणारे बुऱ्हाणपूरकर थिएटरात टाळ्या वाजवतो आणि मग जरा इकडेतिकडे बघतो. पण खरी करामत आमच्या जिल्ह्याने सिनेमा संपल्यावर केली. मार्च 2025 मध्ये असीरगडाजवळच्या शेतांत मुघलांचं सोनं पुरलंय अशी आवई उठली आणि माणसं रात्री टॉर्च, कुदळी, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन खणायला लागली. बाहेरचे चाहते सिनेमा पाहून फार तर दिग्दर्शकाला पत्र लिहितात. आमच्याकडचे थेट पुढच्या भागाचं चित्रीकरण सुरू करतात, तेही रात्रपाळीत. पोलिसांना येऊन पॅकअप सांगावं लागलं.

तरीही या खणणाऱ्यांना नुसतं हसून चालणार नाही, कारण ‘स्टार वॉर्स’चे चाहतेही शेवटी खणायलाच लागले. लुकासने नुसते बदल केले नव्हते, मूळ सिनेमाही बाजारातून उचलला होता. 2006 साली डीव्हीडीसोबत एक जादा तबकडी म्हणून जुनी आवृत्ती दिली, तीही जुन्या लेझर डिस्कवरून उतरवलेली, फिक्कट. त्यानंतर नाहीच. मग चेक प्रजासत्ताकातल्या एका शिक्षकाने हाती लागतील त्या सगळ्या प्रतींमधून तुकडे जमवून, एकेक फ्रेम जुळवून जुना सिनेमा पुन्हा उभा केला. दुसऱ्या काही मंडळींनी 1977 ची थिएटरात फिरलेली रिळं शोधली आणि धूळ पुसून स्कॅन केली. पगार नाही, हक्क नाही, वर कायद्याची भीती.

भाचा हे मोठ्या अभिमानाने सांगत होता, जगात पहिल्यांदाच घडल्यासारखं. आत्या दराबा वाटता वाटता म्हणाली, ‘नाथांनी केलं तेच की.’

आता हे मात्र खरं आहे. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत ज्याला जशी सुचेल तशी भर पडली होती. पैठणच्या एकनाथांनी ठिकठिकाणच्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. वर शेवटी बजावून ठेवलं की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. घालणाऱ्याला जी उपमा दिली आहे ती चांगली झोंबते. नाथ स्वतः थोर कवी, एकाहून एक सरस ओव्या त्यांना सहज घालता आल्या असत्या. घातल्या नाहीत. पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढी वर्षं महाभारताच्या हस्तलिखितांशी हेच केलं. मूळ कोणतं, हे शोधण्याचं वेड आपल्याकडे हान सोलोच्या कितीतरी आधीचं आहे. भाच्याला मी सांगितलं, तुझा तो चेक शिक्षक आमच्या परंपरेतला आहे, त्याला एकदा पैठणला आण.

लुकासची खरी अडचण त्याच्याच तोंडून झालेली आहे. मार्च 1988 मध्ये तो अमेरिकेच्या संसदेपुढे साक्ष द्यायला गेला होता. तेव्हा जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग चढवण्याची टूम निघाली होती. लुकासने तिथे ठणकावून सांगितलं की नफ्यासाठी किंवा हातात सत्ता आहे म्हणून कलाकृतींत फेरफार करणारे लोक रानटी आहेत आणि पुढच्या पिढ्यांना मूळ कृती मिळाली पाहिजे. पुढच्याच वर्षी अमेरिकेने जतन करायच्या पंचवीस सिनेमांची पहिली यादी केली, त्यात ‘स्टार वॉर्स’ होता. आणि आठ वर्षांनी ग्रीडोने गोळी झाडली. काकांनी ही साक्ष ऐकली आणि खूष होऊन म्हणाले, ‘उलटतपासणीची गरजच नाही. कबुलीजबाब आहे.’

दिग्दर्शकाचं मन बदलू नये, असं म्हणणारा मी कोण? शहाजहानाचं बदललं, त्यातून जे झालं ते आग्र्याला जाऊन बघता येतं. माझी तक्रार फक्त कुलुपाची आहे. नवी प्रत खुशाल काढा, जुनी कपाटात का कोंडता? हे जमतं, याचा पुरावा आमच्या गावच्या भरवस्तीत आहे. जामा मशीद बांधली फारुकी घराण्याच्या आदिलशाहने, म्हणजे राजा अली खानाने. त्याने आत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरवला. फारुकी राजांची वंशावळ त्यात आहे. हा संस्कृत लेख शके 1511 चा. 1601 साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. राज्य त्याचं, छिन्नीवाले त्याचे, जुना लेख तासून काढायला एक सकाळ पुरली असती. अकबराने आपल्या विजयाचा फारसी लेख त्याच मशिदीत कोरवला आणि हरलेल्या घराण्याची वंशावळ संस्कृतात जिथे होती तिथेच राहू दिली. आज कोणीही चप्पल काढून आत जाऊन दोन्ही बघू शकतो, तिकीट नाही. अकबराने ही दुसरी आवृत्ती काढली तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या चाहत्यांनी निषेध केल्याची नोंद नाही. करायचं कारणच नव्हतं.

भाच्याने हे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, ‘मामा, म्हणजे तुमच्या मते लुकासपेक्षा अकबर बरा?’ या एका बाबतीत, हो. जून 2025 मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात 1977 च्या जुन्या प्रतीवरून मूळ सिनेमा दाखवला गेला. रंग आणि ओरखडे जसेच्या तसे, आणि हानने गोळी झाडली, एकट्याने. तिथे कोणाचं काही बिघडलं नाही. पुतणीची तिकडीही जागच्या जागी राहिली.

काकांनी निकाल दिलाय. दोन्ही प्रती रेकॉर्डवर ठेवाव्यात, ‘मॅक्लंकी’ पुराव्यातून वगळावं, खर्च ज्याचा त्याने सोसावा. ज्या जिल्ह्यातल्या नेपानगरात देशाचा पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना निघाला, तिथे हा निकाल कुठे तरी छापून यावा म्हणून मी तो इथे देतो आहे. आणि वाचकांना एक विनंती. बुऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरी जुन्या व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, त्यांनी माळा एकदा तपासावा. 1997 च्या आधीची ‘स्टार वॉर्स’ची कॅसेट सापडली, तर ती भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. बुरशी असेल तर पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि वर तारीख लिहा.